तांदळातलं भूत

पारनेरला दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढं चुलती-पुतणी उभ्या होत्या. पुतणीच्या हातात वही होती.

"कॉलेजच्या अंकाला दिलेली माझी भुताची गोष्ट सरांनी परत दिली, काकी. म्हणाले, हडळ घाल, उलटे पाय दाखव."

"मग घाल की. तुझं काय जातंय?"

"न्हाई घालणार. हडळ समद्यांचीच हाय. माझं भूत मी स्वतः रचलंय."

"कसं हाय ते?"

"लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो ना? त्या तांदळात ते बसतं. पोरीचं माहेरचं नाव दाणा दाणा करून खातं."

"आन मग?"

"मग आईनं जुन्या नावानं हाक मारली, तरी ती वळत न्हाई."

काकींनी हातातलं आधारकार्ड उलटून पाहिलं.



"तुज्या सरांना म्हनावं, उलटे पाय तुमच्या घरी ठिवा. ह्येच छापा."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. काकींनी खिडकीतल्या कारकुनापुढं आधारकार्ड सरकवलं.

"मावशी, नाव सांगा."

"ठकू."

"आधारवर तर मालनबाई आहे."

"ते नवऱ्यानं तांदळात लिवलेलं हाय. तुमी ठकू लिवा."