बसलेली माता

(कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो, १९७९. लाँड्रीची बाहेरची भिंत. चित्रकार आम्पारो शिडीवर. खाली तिची मावशी होर्टेन्सिया.)

होर्टेन्सिया : ते काही नाही. माझा चेहरा पुसून टाक तिथून.

आम्पारो : मावशी, तीन आठवडे तूच समोर बसलीस ना? पीच भरायच्या शेडवरून थेट यायचीस.

होर्टेन्सिया : मला वाटलं, पीच भरणाऱ्या बायकांचं चित्र आहे.

आम्पारो : आहेच की.

होर्टेन्सिया : डोंबल! ही ग्वादालूपची माता मेरी. ताऱ्यांचा शेला, मागे किरणं, सगळं आहे. आणि बसलीय कशावर? तर पीचच्या खोक्यावर! घोटे सुजलेले, बूट देवदूताच्या हातात! अगं, साडेचारशे वर्षं प्रत्येक चित्रात उभी आहे ती.

आम्पारो : दमली असेल.

होर्टेन्सिया : हे मला सांगतेस, ठीक आहे. रविवारी चर्चमध्ये सांगून बघ.

आम्पारो : काय झालं रविवारी?

होर्टेन्सिया : काही नाही.

आम्पारो : मावशी.

होर्टेन्सिया : शेजारच्याचा हात धरून शांती असो म्हणतात ना, तेव्हा मी हात पुढे केला. एल्विराबाई पर्समध्ये रुमाल शोधत बसली. पुढच्या बाकावरच्या दोघींनी मागे बघितलंच नाही. वीस वर्षं जपमाळ म्हणतोय आम्ही एकत्र. माझा हात तसाच राहिला गं.

आम्पारो : मी येऊन बोलू त्यांच्याशी?

होर्टेन्सिया : नको बाई. तू बोललीस की आणखी चौघी पाठ फिरवतील. मला भांडायचं त्राण नाही. पहाटे पाचला शेडवर उभं राहायचं असतं.

आम्पारो : बरं. पुसते. तो पांढऱ्या रंगाचा डबा दे वर.

होर्टेन्सिया : रागावलीस?

आम्पारो : नाही गं. मीही थकलेय. परवा कुणी अंडी फेकली, ती धुतली. काल कुणी शेला खरवडला, तो पुन्हा रंगवला. पण बिनचेहऱ्याची माता कशी ठेवू? कुणाचा चेहरा काढू?

होर्टेन्सिया : तुझ्या आईचा काढ.

आम्पारो : आईचा?

होर्टेन्सिया : ती गेली, सुटली. तिच्याकडे कोण पाठ फिरवणार आता?

आम्पारो : आईला मी कधी बसलेलं बघितलंच नाही, मावशी. जेवायचीसुद्धा उभ्यानं, शेगडीपाशी.

होर्टेन्सिया : मग आता बसू दे तिला.