पुठ्ठ्यावरचे दोन खळगे

— अहो, अंगठ्यानं काय दाबून बघताय? अंगठा बसणारे का सायकलवर? ठेवा ती सीट खाली. मऊ आहे, माहितीये मला — दुकानात सगळ्यांना मऊच लागते, आणि लांबच्या वाटेला लागले की दुपारीच मांड्या सोलून घेतात, वर मलाच म्हणतात सीट खराब दिली. मऊ सीटमध्ये हाडं रुततात, मग सगळा भार नको तिथं येतो. हसू नका. मी नाही म्हणत हे, दादा म्हणायचा. मोठा भाऊ. दुकान त्याचंच — म्हणजे, होतं. मी आपला पंक्चर काढणारा. हा पुठ्ठा घ्या, स्टुलावर ठेवा, बसा त्यावर. लाजताय काय नवरीसारखे, बसा! पुढं वाका, हँडल धरल्यासारखं. पाय उचला. हां, उठा आता. हे बघा, दोन खळगे — तुमची बसायची हाडं. यांच्यातल्या अंतराला जुळेल तीच सीट घ्यायची, दादानं सगळ्यांना असंच बसवलं.

कुठली? ती नाही विकायची. मग खिळ्याला का टांगलीय म्हणता? वहिनीनं टांगलीय, मला विचारलं का तिनं? म्हणते, चामडं आहे, कुणी बसलं नाही तर मरेल — मरेल म्हणे! ट्रकनं सायकलीचा चुराडा केला, दादाचा केला, आणि ह्या सीटला साधा ओरखडा नाही. निर्लज्ज. ते दोन खड्डे दिसतात ना, ते दादाचे, बसून बसून पाडलेले. मी बसलो की, नाही कशाला म्हणू — पार नदीच्या पुलापर्यंत गेलो. टोचली. सख्खा भाऊ मी, एका ताटात जेवलेला, आणि मला टोचली!

हात लावू नका! द्या तो पुठ्ठा इकडं, मीच धरतो तिच्यावर, म्हणजे तुमचंही समाधान, की नाही —

नाही. नाही जुळत. काय दिसलं तुम्हाला? तिथून काय दिसतंय? बरोबर खड्ड्यावर खड्डा वगैरे काही नाही, मी सांगतो ना नाही जुळत! ती मऊच घेऊन जा. नाहीतर दुसरं दुकान बघा. आणि पुठ्ठा कुठं नेताय? तो राहू दे इथं.

जा म्हटलं ना. दार ओढून घ्या.