नाकावरच्या खुणा

बाबा : आणि हे बघ, बावन्नच्या रेघेपाशी निळ्या शाईचा ठिपका. जाताना नव्हता.

भिंगरी : कशावर?

बाबा : पट्टीवर. तीन महिने खणात नव्हती. सोमवारी परत आली, ती ठिपका घेऊन. चाळीस वर्षं मी हिच्यावर गिऱ्हाइकांचे डोळे मोजतोय, या बाहुलीपासून त्या बाहुलीपर्यंत. मोठं माणूस बासष्ट-चौसष्ट मिलिमीटरला येतं. बावन्नपाशी पेन टेकवायचं मला काही कारण नाही.

भिंगरी : मी नेली होती. विचारायचं राहिलं.

बाबा : विचारलं असतंस तर नवी दिली असती. हिचे आकडे पुसट झालेत.

भिंगरी : हिच्यावर माझा हात बसलाय. बाबा, चष्म्याची काडी जास्त वाकतेय.

बाबा : वाकत नाहीये, वाकवतोय. बस त्या स्टुलावर, उभ्याने बोलू नकोस. सहाला चौथा मजला येतोय.

भिंगरी : आज?

बाबा : आज. त्याचंही काही चुकत नाही. बिचाऱ्याने चौथ्या मजल्यावर डोळे तपासायची खोली थाटली आणि लिफ्ट बंद पडली. ज्यांना धड दिसत नाही त्यांनी चार जिने चढायचे. तीनदा येऊन गेला, काका, दुकान मला देता का म्हणून. तीनदा मी सांगितलं, लेकीने नोकरी करून बघायला एक वर्ष मागितलंय. वर्ष झालं. आज उत्तर मिळालं नाही तर दुसरी जागा घेतो म्हणाला.

भिंगरी : मग काय सांगणार त्याला?

बाबा : ते नंतर. आधी ठिपका.

भिंगरी : ठिपक्याची गोष्ट लांब आहे.

बाबा : सहाला अर्धा तास आहे. आणि ऑफिसातलं तू घरी अवाक्षर काढत नाहीस. शेजारचा शिंपी विचारतो, पदवी घेऊन लेक करते काय? मी म्हणतो, सरकारी ऑडिटला आहे, सरकारच्या चुका काढते. तो म्हणतो, मग जन्माची ददात मिटली.

भिंगरी : त्याला त्याच्याच भाषेत सांगा. कापड किती आलं नि किती कापलं, हे बघणारे ऑडिटर वेगळे. आम्ही विचारतो, सदरा अंगाला बसला का.

बाबा : हे तुझं की तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंचं?

भिंगरी : बाईंचं. पहिल्या दिवशी सांगितलं त्यांनी. मी वहीत उतरवून घेतलं आणि पहिल्याच स्वतंत्र कामात विसरले.

बाबा : कुठलं काम?

भिंगरी : हसणार नसाल तर सांगते. चष्मे. शाळेतल्या मुलांचे डोळे तपासून सरकारने चष्मे वाटले होते. नऊ शाळा, चारशे बारा मुलं. मला वाटलं, हे तर घरचंच काम, डोळे मिटून करीन.

बाबा : आणि तसंच केलंस.

भिंगरी : अगदी तसंच. आधी शाळांना पत्रं गेली, अमुक तारखेला येतोय. मी गेले तर प्रत्येक वर्गात मुलं चष्मे लावून, हाताची घडी घालून बसलेली. एकेकाचं नाव, नंबर, चष्मा मिळाल्याची सही, सगळं ताडून पाहिलं. चारशे बारापैकी चारशे नऊ हजर, तिघं आजारी. बाईंपुढे तक्ता ठेवला तेव्हा माझी मान ताठ होती.

बाबा : बाई काय म्हणाल्या?

भिंगरी : त्यांनी सगळा वाचला. त्या काहीही सगळं वाचतात, कागदाची मागची कोरी बाजूसुद्धा बघतात. मग म्हणाल्या, छान. आता सांग, फळ्यावर काय लिहिलं होतं?

बाबा : काय लिहिलं होतं?

भिंगरी : मला माहीत नव्हतं. नऊ शाळांतल्या एकाही वर्गाचा फळा मी बघितला नव्हता. मी चष्मे मोजत होते.

बाबा : रागावल्या असतील.

भिंगरी : त्या रागावत नाहीत, हीच तर पंचाईत. तक्ता माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, यात चूक एकही नाही. काय बघायचं राहिलं ते तुझं तुला सुचेपर्यंत मी सही थांबवते. आठ दिवस काही सुचेना. माझ्याबरोबर लागलेले सगळे दुसऱ्या कामाला जुंपले गेले. मी आपली तक्ता पुढे घेऊन बसलेली.

बाबा : त्याच आठवड्यात तू ताटावरून अर्धवट उठायचीस. तुझी आई म्हणाली, पोरगी नोकरी सोडतेय बहुतेक. मी म्हटलं, सोडू दे.

भिंगरी : असं म्हणालात?

बाबा : खोटं कशाला बोलू. वर दुकानाच्या पाटीला रंगही देऊन घेतला. पुढे सांग.

भिंगरी : त्या शनिवारी मी इथेच बसले होते. ते पोस्टातले निवृत्त आजोबा आले, काच बदलायला. चष्मा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. तुम्ही चष्म्याकडे बघितलंही नाहीत. आधी त्यांच्या नाकाकडे बघितलंत.

बाबा : बघायचंच असतं. डावी खूण खोल आणि उजवी पुसट, म्हणजे चष्मा कलतोय. माणूस म्हणतो, झकास बसलाय. माणूस भिडेने बोलतो, नाकाला भीड नसते.

भिंगरी : हे तुम्ही त्यांनाही ऐकवलंत. आणि मी स्टुलावर ताठच झाले. कारण मला नाकं दिसली होती, बाबा. त्या दिवशी वर्गात उकडत होतं, मुलं चष्मे काढून घाम पुसत होती, माझ्यासमोर, चार हातांवर. चारशे नऊ नाकांपैकी एकाही नाकावर खूण बघितल्याचं मला आठवेना.

बाबा : म्हणजे चष्मे त्याच दिवशी चढले होते.

भिंगरी : हो. म्हणजे माझ्यासाठी. सोमवारी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आठवणीवर अहवाल लिहीत नाहीत. पत्र न पाठवता जा. गेल्या गेल्या नोंदवही मागू नकोस, शेवटच्या बाकावर तासभर बस. मी घरी आले आणि खणातून पट्टी काढली.

बाबा : बसलीस शेवटच्या बाकावर?

भिंगरी : गुडघे मावेनात. शाळेत चव्वेचाळीस जणांच्या नावावर चष्मे होते आणि वर्गात एकाच्याही नाकावर नव्हता. माझ्या शेजारी एक मुलगी होती, आठेक वर्षांची. तिला विचारलं, फळ्यावर काय लिहिलंय गं? तिने मान लांब करून शेजारणीच्या वहीत बघितलं आणि वाचून दाखवलं. एकही चूक न करता.

बाबा : हुशार आहे.

भिंगरी : वर्षभर तिने तसंच भागवलं होतं. चष्मा कुठाय म्हटलं, तर म्हणाली, कपाटात. त्यांच्या शिक्षिकेने कपाटाचं कुलूप उघडलं. चव्वेचाळीस डब्या, ओळीने, प्रत्येकीवर सुरेख अक्षरात नाव. पाहुणे येणार असले की वाटायच्या आणि गेले की गोळा करायच्या.

बाबा : मग चूक त्या शिक्षिकेची.

भिंगरी : मीही हेच लिहिलं, शिक्षिकेचा निष्काळजीपणा. मोठ्या बाईंनी शब्द खोडला नाही, नुसती त्याखाली पेन्सिल टेकवली. म्हणाल्या, निष्काळजी माणूस चव्वेचाळीस डब्यांवर नावं घालतो? कुलूप का लावलं, ते तिला विचारलंस का? मी विचारलं नव्हतं.

बाबा : पुन्हा गेलीस.

भिंगरी : पुन्हा गेले. आदल्या वर्षी सहा चष्मे फुटले होते. सहाही वेळा वरून पत्र आलं, खुलासा करा. तिने सहा खुलासे लिहिले. सातवा लिहायची तिच्यात ताकद नव्हती. मग मी म्हटलं, आज माझ्या जबाबदारीवर कुलूप उघडा आणि मुलांना चष्मे घालून काम करू द्या. बाबा, माझ्या शेजारच्या मुलीचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. तिने तो एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने लिहायला लागली. वही सरकायला लागली. तिसरा हात कुठून आणणार? सुट्टी झाल्यावर पळाली, तर चष्मा आधी पायरीवर पोचला आणि मग ती.

बाबा : काड्या लांब. आणि नाकावरचा पूल रुंद.

भिंगरी : तुम्ही न बघता सांगताय.

बाबा : यात बघायचं काय? मोठ्यांच्या मापाच्या फ्रेमा घेतल्या असणार, सरसकट.

भिंगरी : सरसकट. मी पट्टी काढली. नऊ शाळा मिळून शहाण्णव मुलं मोजली. सगळ्यात कमी अठ्ठेचाळीस, सगळ्यात जास्त छप्पन्न. आणि काचा बसवल्या होत्या बासष्टला.

बाबा : अरेरे. मग काचेचा मध्य बाहुलीसमोर येणार कसा? नंबर बरोबर असूनही डोकं दुखणार. पोर म्हणणार, चष्म्याने त्रास होतो, आणि आई म्हणणार, मग काढून ठेव.

भिंगरी : आयांनी शब्द न शब्द हेच सांगितलं. ठिपका त्या मुलीचा आहे. तिने विचारलं, माझे डोळे किती आले? मी पट्टीवर दाखवलं. तर तिने माझ्याच पेनाने तिथे टेकवून ठेवलं. म्हणाली, हरवायला नको.

बाबा : असू दे मग. पुसत नाही.

भिंगरी : तुम्ही स्पिरिट काढून ठेवलं होतंत वाटतं.

बाबा : ठेवलं होतं. आता बाटली आत ठेव. साहेबलोकांनी ऐकलं का हे सगळं?

भिंगरी : शेवटच्या बैठकीत. अहवाल पक्का करण्याआधी त्यांची बाजू ऐकतात. त्या खात्याचे मोठे साहेब आले, बरोबर फायली धरून चौघं. म्हणाले, चारशे बारा द्यायचे होते, चारशे बारा दिले, आणखी काय हवं? मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला.

बाबा : म्हणजे तूच बोल.

भिंगरी : मी घोटभर पाणी प्यायले. फुटलेल्या चष्म्यांपैकी एक बिनकाचेची फ्रेम शिक्षिकेने माझ्याकडे दिली होती, ती मी टेबलावर ठेवली. साहेबांना म्हटलं, तुमची हरकत नसेल तर तुमचे डोळे मोजू का?

बाबा : साहेबांचे?

भिंगरी : त्यांना काही कळायच्या आत मी पट्टी लावली. त्रेसष्ट. मग म्हटलं, आता ही घालून बघा. त्यांनी घातली. बाबा, इतकी नीट बसली, की फायलीवाल्यांपैकी एक जण म्हणाला, साहेब, शोभतेय.

बाबा : अरे देवा. मग?

भिंगरी : त्यांनी फ्रेम काढली, हातात फिरवली. म्हणाले, मागणीपत्रात आकाराला रकानाच नाही. कुणाला सुचलाच नाही. लिहा तुम्ही. परतताना बाई जिन्यात एवढंच म्हणाल्या, आज तू फळा बघितलास.

बाबा : मोठं मन आहे बाईंचं.

भिंगरी : एवढ्या वर्षांत त्यांनी दवाखाने बघितले, धरणं बघितली, तुरुंगातली स्वयंपाकघरंसुद्धा. कुणाला खाली मान घालायला लावली असं ऐकलं नाही. आणि पोकळ काही सोडलंय असंही नाही. मला तसं व्हायला किती वर्षं लागतील, कोण जाणे.

बाबा : शेवटी हाती काय आलं?

भिंगरी : मागणीपत्रात एक रकाना. आणि फुटल्या चष्म्याचा खुलासा मागायचा नाही, अशी एक ओळ.

बाबा : वर्षभरात एक रकाना नि एक ओळ.

भिंगरी : हो.

बाबा : मी वर्षाला हजारभर चष्मे बसवतो. तुझ्या रकान्यातून यंदा किती पोरं जाणार?

भिंगरी : नऊ हजार म्हणतात.

बाबा : माझी नऊ वर्षं. हं. आणि सगळी माझ्या दारात कधी न येणारी. ते पाकीट काढ आता.

भिंगरी : कुठलं?

बाबा : पिशवीतलं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी पिशवी या काउंटरवर ठेवतेस. पाकिटाचा कोपरा आधी सरळ होता. आता तो पार दुमडलाय.

भिंगरी : तुम्ही वाचलंत?

बाबा : मी कशाला वाचू? मी नाक बघणारा माणूस.

भिंगरी : नोकरीत कायम करायचं पत्र आहे. सही करून उद्या द्यायचंय.

बाबा : मग अडलंय कुठे?

भिंगरी : तुम्ही पाटीला रंग दिलात.

बाबा : पाटी गंजली होती.

भिंगरी : बाबा.

बाबा : बरं, थोडीच गंजली होती.

(बाबा चष्मा काढून पुसायला घेतात. नाकावर दोन खुणा, सारख्या खोल.)

बाबा : शिंपी विचारतो, तुझी आई विचारते, चौथा मजला तर तीनदा विचारून गेला. दुकानाचं काय म्हणून. तुला मात्र मी वर्षभरात एकदाही विचारलं नाही. भीती अशी होती, की विचारलं तर तू खरं सांगशील.

भिंगरी : आणि तुम्ही विचारत नाही म्हणून मला बरं वाटायचं.

बाबा : दोघंही सारखेच. तो बघ, रस्ता ओलांडतोय. दहा मिनिटं आधीच आला. आता विचारतो, भिंगरी.

भिंगरी : दुकान त्याला द्या, बाबा. मी ऑडिटमध्येच राहणार आहे. पट्टी तेवढी देऊ नका.