खाऱ्या जमिनीतला भात

परदेशातल्या शिक्षणाचं कौतुक मला सांगू नका, आमच्या घरातलंच ऐका. खाडीकाठच्या कोन गावात राहणाऱ्या माझ्या काकांनी मुलीला, रूपालीला, कॉम्प्युटर शिकायला नेदरलँड्सला पाठवलं. गावभर पेढे वाटले, नाक्यावर तिच्या फोटोचा बॅनर लावला. सहा महिन्यांनी तिचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी काकांकडेच चहा पीत बसलो होतो.

"बाबा, मी कॉम्प्युटर सोडलं. डिपार्टमेंट बदललं."

"मंग आता काय डाक्टर व्हनार?"

"नाही, शेती शिकतेय. खाऱ्या जमिनीत भात कसा पिकवायचा, ते."

काकांनी कप खाली आपटला. "अगो, ते तं तुजा आजा शाळेत न जाता करीत व्हता! त्याला कुनी इमानात नाय बसवला!"

"तेच तर! सरांना आपल्या शेताचे फोटो दाखवले. सुट्टीत मी आले की त्यांना तिथली माती तपासायला नेणार आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्या फीसाठी त्यांनी ते शेत बिल्डरला विकलं होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी घसा खाकरून म्हणाले, "ने की माती. फकस्त आदी सोसायटीच्या वाचमनला इचार."