काचेत कोरलेलं बेट

...आणि हे काचवाले वर मलाच सांगतात, मावशी, काही हरवणार नाही! कसं हरवेल म्हणे, नखाएवढ्या काचेत अख्खं बेट कोरून ठेवलंय, माणसं, झाडं, थडगी, बोलणं, दहा हजार वर्षं टिकेल. तुम्हाला सांगते, पुढच्या उधाणाला माझी चूल टिकते का ते आधी बघा, मग दहा हजारांचं बोला...

गेल्या उधाणात समुद्र आमच्या बाबाईच्या खड्ड्यात शिरला. बाबाई म्हणजे अळूचा थोरला दादा, माणसाहून उंच, गोड्या पाण्याच्या खड्ड्यात वाढणारा, त्याच्या कंदाशिवाय आमच्यात लग्न नाही की मर्तिक नाही. पिवळी पडली सगळी. खारावलेला खड्डा परत गोडा कसा करायचा, कुठकुठला पाला घालायचा, हे एकट्या बापाला ठाऊक. आणि ही विद्या थोरल्या मुलाच्याच कानात सांगायची. आमचा थोरला भाऊ इओआने परक्यांच्या जहाजावर. त्याची वाट बघत बघत बाप उधाणाआधीच गेला.

मी कपाळाला हात लावून बसले, तर ती राजधानीहून, तारावाहून आलेली काचवाली पोरगी, रोतियाना, म्हणते कशी, अगं मावशी, आजोबांनी सगळं सांगितलंय आम्हाला, काही हरवलेलं नाही. गेले मी धावत. मेलेल्याचा आवाज ऐकायला सभाघरात सगळं गाव लोटलेलं. लावला आवाज. अंगावर काटा आला हो... आणि बाप सांगतोय काय? खड्ड्यात समुद्राचं शेवाळ घाला, टोपल्या भरभरून, वरून खारं पाणी मारा...

अहो, जगणारी बाबाईसुद्धा मरेल त्यानं! थाप मारली त्यानं. मारणारच. बोलायला बसवलं कुठं, तर याच सभाघरात, शेजारीपाजारी कान टवकारून. आपल्या खड्ड्याचं चारचौघांत खरं सांगणारा माणूस आमच्यात अजून जन्माला यायचाय. आणि बापच कशाला, त्या दिवशी जो बसला त्यानं तेच केलं. म्हणजे बेट बुडणार, आणि मागं राहणार काय, तर आमच्या थापा...

पोरीचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "मावशी, तुला थोडंफार ठाऊक असेलच की. सांग, नव्यानं कोरते. काही हरवू द्यायची नाही मी."

ठाऊक होतं हो, एवढंसं. बापामागून एका झाडाचा पाला वाहिलाय मी, बाकीची झाडं त्याच्याबरोबर गेली. म्हटलं, एक तर एक, इओआनेच्या पोरांना तरी मिळेल. बसले. तोंड उघडलं... आणि बघते तर सगळं गाव पुढं सरकून बसलेलं.

"शेवाळच घालायचं," म्हटलं. "बाप बरोबर सांगत होता."