जमिनीला टेकू दिला नाही

नाही हो, मी नाही चढवणार झेंडा. बसा, चहा घ्या — पण सव्वीस जानेवारीला मला त्या मैदानात नेऊन उभं करू नका. सत्याग्रहीची बायको म्हणून सगळ्या कळव्यात दुसरी कुणी नाही मिळाली तुमच्या समितीला? नसेलच मिळाली. गोव्याला इथून दोघंच गेलेले, आमचे हे आणि त्र्यंबक.

नियम मला नका सांगू — केशरी वर, जमिनीला टेकता कामा नये, सूर्य बुडायच्या आत उतरवायचा. ह्यांनी दुसरं केलं काय जन्मभर? पहिल्याच सव्वीस जानेवारीला, पन्नास साली, माझ्या भावाचा पाय चुकून कागदी झेंड्यावर पडला, तर कानफटात अशी दिली की त्याच्या नाकातून रक्त आलं. तो अजून या घरात पाऊल टाकत नाही. मी म्हटलं, अहो, कागद आहे तो. तर म्हणाले, कागद नाही तो, सगुणा.

गेल्या ऑगस्टात गोव्याला काय झालं ते त्र्यंबकानेच सांगितलं मला — तुम्ही बसलात ना, तिथेच बसून. पाऊस, चिखल, हद्द ओलांडली, हे सगळ्यात पुढे, हातात झेंडा. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या — एक पोटात, एक जबड्यात. जबडाच उडाला हो. आणि हे पडायच्या आत त्र्यंबकाने काठी पकडली, त्याच्याकडून मागच्याने, असं करत करत झेंडा परत आणला. आणि माणूस? माणूस चिखलात. गोळीबार थांबल्यावर पाय धरून ओढत आणला — तोवर जीव होता, हात हलवत होते म्हणे. सावंतवाडी यायच्या आत गेले. तिथेच अग्नी दिला. मला तोंड बघायला मिळालं नाही — बघण्यासारखं राहिलं नव्हतंच म्हणा.

एवढं सांगून त्याने पिशवीतून झेंडा काढला, छान घडी घातलेला, आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, वहिनी, जमिनीला टेकू दिला नाही. मी विचारलं, आणि ह्यांना? तर रिकाम्या पिशवीची घडी घालत बसला —

काय म्हणालात? त्र्यंबकाचा सत्कार? त्याच दिवशी? पोर्तुगीज शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने खांदा मोडला म्हणून? असं त्याने सांगितलं?

नाही हो. तो खांदा मी मोडला. धुण्याची मोगरी होती त्या मोरीत, ती घेतली. मी उठले तसा झेंडा मांडीवरून घसरला, तो त्याने वरच्यावर झेलला आणि छातीशी धरला — हात आडवा घालेल, पळेल, तर तेही नाही — आणि मी मारत राहिले. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा थांबले. ओरडलासुद्धा नाही. झेंडा त्या फळीवर ठेवला आणि गेला.

मला वाटलेलं, गावभर झालं असेल. बाजारात मान वर करत नाही मी तेव्हापासून. आणि त्याने — माझं नावच घेतलं नाही तर.

हे बोलू नका कुठे. त्याचा सत्कार होऊ दे. मी येईन की नाही, ते — ते विचारू नका आता.

चहा निवला तुमचा. द्या तो कप इकडे. आणि या तुम्ही. या म्हणते ना.