बार्बाडोस तर बार्बाडोस

इस्मे — नको. बार्बाडोस नको. तव्यासारखं सपाट बेट आहे ते.

डेल्फिन — मम्मी, सपाट आहे म्हणूनच म्हणतेय. तुझे गुडघे बघ.

इस्मे — आणि तिथली माणसं? चहाला बोलावतील आणि मी कप कसा धरते ते बघत बसतील. त्यापेक्षा इथले इंग्रज परवडले.

कर्टिस — तू हॉटेलात राहणार आहेस. तिथं तुझ्या कपाकडं कोण बघतंय?

इस्मे — कर्टिस, तोंडात केक असताना बोलू नकोस. चव्वेचाळीस वर्षांचा झालास. बहिणीकडून काहीतरी शिक.

डेल्फिन — बरं, बार्बाडोस बाजूला. सेंट लुशिया?

इस्मे — चढ.

डेल्फिन — अँटिग्वा. हे बघ, तीनशे पासष्ट किनारे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक.

इस्मे — आपण दहा दिवस जाणार. उरलेल्या तीनशे पंचावन्नांचं मी काय करू?

डेल्फिन — हसू नकोस, कर्टिस, तुझ्याच मुलांसाठी चाललंय हे. टोबॅगो?

इस्मे — तुझ्या मावशीचा, युनिसचा, पहिला नवरा टोबॅगोचा.

डेल्फिन — मग?

इस्मे — मग काही नाही. तो अजून तिथंच आहे.

डेल्फिन — मम्मी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? विश्रांती. हडर्सफील्डच्या हिवाळ्यात तुला विश्रांती मिळणार आहे का? दुपारी साडेतीनला दिवे लावतो आपण. जानेवारीत दहा दिवस ऊन, वाळू, हातात काही काम नाही. सगळं कुटुंब एकत्र.

इस्मे — आणि करायचं काय? वाळूत पडून राहायचं?

डेल्फिन — हो.

इस्मे — आमच्याकडं वाळूत होड्या पडलेल्या असतात. त्याही दुरुस्तीला आल्या असतील तर. समुद्रात जायचं ते पहाटे, जुना फ्रॉक घालून, मानेपर्यंत. कुणी कुणाशी बोलत नाही. मग घरी येऊन गरम कोको. उन्हात झोपतात ती ज्यांना तिथं घर नाही ती माणसं.

कर्टिस — तेवढ्यासाठीच लोक पैसे मोजतात, मम्मी.

इस्मे — एक विचारू? एवढी बेटं छापून आणलीस. आपलं कारियाकू कुठाय?

डेल्फिन — मम्मी.

इस्मे — कागदावर दिसलं नाही म्हणून विचारते.

डेल्फिन — तिथं काय उरलंय? जुलैच्या वादळात सगळ्यांची छपरं गेली. आपल्या घराच्या चार भिंती उभ्या आहेत. अ‍ॅन्सेल्म स्वतः ताडपत्रीखाली झोपतो.

इस्मे — त्याच्या शेजारी मीही झोपेन. माझा चुलतभाऊच आहे तो, काही परका नाही.

डेल्फिन — आणि बोट? त्या लाटांत तू दोन तास बसणार? तिथं ना धड दवाखाना, ना—

इस्मे — मला सुट्टी नकोच आहे, डेल्फिन. मला दगड बसवायचाय. माझ्या आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. दगड तयार आहे, नाव कोरलेलं आहे. अ‍ॅन्सेल्मच्या अंगणात आडवा पडलाय, त्याच्यावर कोंबड्या बसतात. आणि आई तिथं टिबोच्या दफनभूमीत, समुद्राकाठी, उघडी.

डेल्फिन — बसवू की. एकोणीस वर्षं थांबलो, आता घाई कसली?

इस्मे — घाई मला नाही, तिला आहे. परवा परत आली होती. ही तिसरी वेळ.

कर्टिस — स्वप्नात?

इस्मे — मग काय बसनं येईल? दारात उभी होती. रागावली नाही, काही मागितलं नाही. नुसतं म्हणाली, "इस्मे, माझे पाय ओले होतात."

कर्टिस — पाय ओले...

इस्मे — वर दगड नाही ना, पावसाचं पाणी मुरतं. सिमेंट घालून दगड ठेवला, गावाला जेवण दिलं, की होईल कोरडी. एवढंच मागणं आहे तिचं. थांबा, अ‍ॅन्सेल्मनं दगडाचं माप लिहून पाठवलं होतं, ते पत्र वर आहे. आणते. कर्टिस, केकचा तो शेवटचा तुकडा तुझ्या आजीसाठी ठेव, ऐकलंस?

कर्टिस — गेली वर. तू अजून सांगितलं नाहीस?

डेल्फिन — हळू बोल.

कर्टिस — फोटो सप्टेंबरात आला. आज डिसेंबरची नऊ तारीख.

डेल्फिन — मला तारीख कळते.

कर्टिस — कबर नाही, डेल्फिन. काठच नाही. दोन आडवी झाडं आणि पाणी. तो फोटो बघून मला त्या दिवशी गाडी चालवता आली नव्हती. आणि ती इथं बसून पाय ओले म्हणते, आणि तू तिला किनारे मोजून दाखवतेस.

डेल्फिन — तिचं हृदय तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धक्का बसेल असं काही नको.

कर्टिस — निदान टँटी युनिसला तरी सांग. दोघींची आई होती ती.

डेल्फिन — टँटीला कळलं की पाच मिनिटांत मम्मीला कळेल. रोज सकाळी फोन असतो त्यांचा.

कर्टिस — म्हणजे आपण असं बेट शोधतोय जिथं आपलं कुणी पुरलेलं नाही.

डेल्फिन — हो. तसंच समज.

कर्टिस — आज ना उद्या ती जाणार तिथं. दगड घेऊन उभी राहील आणि विचारेल, कुठं ठेवू?

डेल्फिन — एवढा हिवाळा जाऊ दे. दहा दिवस ऊन खाऊ दे तिला. मग सांगते. मीच सांगते, तू मध्ये पडू नकोस.

कर्टिस — पायरी वाजली.

इस्मे — पत्र काही सापडेना. जाऊ दे. जिन्यात थांबले जरा, दम लागला, तेवढ्यात विचार केला. बार्बाडोस.

डेल्फिन — काय?

इस्मे — बार्बाडोस तर बार्बाडोस. मुलांना पाण्यातली घसरगुंडी हवीय ना? आणि तुझं तोंड बघ किती उतरलंय. सुट्टीची गरज तुलाच आहे. माझ्याशी वाद घालून पोरगी दमली.

डेल्फिन — मी नाही दमले.

इस्मे — तिथून ग्रेनेडाला छोटं विमान जातं. पुढं कारियाकूला बोट. मधला एखादा दिवस काढून...

डेल्फिन — बघू.

इस्मे — तुझं "बघू" तू तीन वर्षांची असल्यापासून ऐकतेय. बरं, पुढच्या वर्षी?

डेल्फिन — पुढच्या वर्षी नक्की.

इस्मे — शब्द?

डेल्फिन — शब्द.

इस्मे — मग आज आली तर सांगते तिला. अजून एक वर्ष दम धर म्हणावं. पाय वर घेऊन बस.

(दहा दिवसांनंतर, दुपारी. तेच स्वयंपाकघर. डेल्फिन आणि तिची मावशी युनिस.)

युनिस — हात मागं घे! त्यात मीठ नाही घालायचं. मोठा टोप येणाऱ्या लोकांचा. हा छोटा इस्मेचा.

डेल्फिन — सवयीनं गेला हात.

युनिस — मीठ असलं तर गेलेली माणसं ताटाला शिवत नाहीत. एवढंही शिकवलं नाही तुझ्या आईनं?

डेल्फिन — तिनं शिकवलं असेल. मी शिकले नाही.

युनिस — भाताचा गोळा वळ. असा नाही, हात ओला कर. हं. मक्याच्या पिठाचाही तसाच. शेजारी तुरीचे दाणे. तिला जाऊन नऊ रात्री झाल्या, डेल्फिन, आणि अजून सकाळी मी फोन उचलते. तिचा नंबर फिरवायला.

डेल्फिन — त्या दिवशी सकाळी मीही फोन केला होता. म्हटलं, हॉटेलात जुना फ्रॉक चालणार नाही, मम्मी, पोहायचा पोशाख लागेल. मी आणीन म्हणाले. तिला धीर निघाला नाही, स्वतःच गेली आणायला.

युनिस — जाऊ दे आता.

डेल्फिन — पिशवीत तेवढंच होतं. निळा पोशाख. पंचाहत्तर वर्षांत पहिला. तो घेऊन बसस्टॉपवर बसली. दोन बस येऊन गेल्या, टँटी. ड्रायव्हरना वाटलं, म्हातारी दुसऱ्या नंबरची वाट बघतेय.

युनिस — पुरे. डोळे पूस, ताटात नको पाडू, त्यातही मीठच असतं. कर्टिस म्हणतो, इथंच पुरायचं तिला. हे मला पटत नाही.

डेल्फिन — दुसरीकडं कुठं न्यायचं?

युनिस — कुठं म्हणजे? टिबोला, आईशेजारी. जागा आहे तिथं.

डेल्फिन — पेल्यात पाणी किती भरू?

युनिस — काठोकाठ. ऐक, मी बोलणार नव्हते, पण बोलते. पहाटे ती आली होती.

डेल्फिन — नको, टँटी.

युनिस — अंगात कोट, बटणं वरखाली लागलेली. जिवंतपणी अशी कधी घराबाहेर पडली नाही. म्हटलं, इस्मे, बस. बसेना. म्हणाली, "टिबोला जाऊन आले. सगळं धुंडाळलं. आईला जिथं ठेवलं होतं तिथं ती नाही. कुणी हलवली? युनिस, तू हलवलीस?"

डेल्फिन — तू काय सांगितलंस?

युनिस — काय सांगणार? मी इथं हडर्सफील्डला, मी कशाला हलवू? तशीच निघून गेली. मेल्यावर तरी माणसाला आपली माणसं भेटतात असं ऐकत आलो आपण. आणि माझी बहीण तिथं दारोदार विचारत फिरतेय. तुला काय झालं? बस खाली. डेल्फिन, माझ्याकडं बघ. तुला माहीत आहे.

डेल्फिन — तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सप्टेंबरात अ‍ॅन्सेल्मनं—

युनिस — थांब. मला नको. मी आत्ता ऐकलं तर हे ताट उचलायचं बळ राहणार नाही माझ्यात. आधी तिला सांग. विचारलंय तिनं.

डेल्फिन — ती काही ऐकत नाही, टँटी. खरं सांगते, माझा विश्वास नाही यावर.

युनिस — तुझा विश्वास कुणी मागितलाय? ताट घे. पुढच्या खोलीत टेबलावर ठेव, दार लाव. ताटाच्या खोलीत दुसऱ्या माणसानं थांबायचं नसतं. मी इथं टोपाजवळ आहे.

डेल्फिन — मनातल्या मनात सांगितलं तर?

युनिस — सप्टेंबरपासून मनातल्या मनातच बोलत होतीस ना? तोंडानं बोल. जा, निवतंय.

डेल्फिन — मम्मी. जेव. मीठ नाही त्यात. भात माझ्याकडून जरा चिकट झालाय. आजीची कबर गेली. सप्टेंबरात काठ खचला आणि समुद्रानं नेली. तिच्या बाजूच्या दोन कबरीही गेल्या. फोटो आला होता मला. तू पाय ओले म्हणालीस तेव्हा मला माहीत होतं, कशानं ओले. कर्टिसला मी सांगायची, मम्मीचं हृदय, मम्मीला धक्का बसेल. ते खरं नव्हतं. तू तिथं उभी राहून रडली असतीस. मी तुला कधी रडताना बघितलं नाही, आणि मला ते बघायचं नव्हतं. म्हणून बार्बाडोस. पुढच्या वर्षीचा शब्द दिला तोही खोटाच होता, न्यायचं माझ्या मनात नव्हतं. आता कुणाला विचारत फिरू नकोस. टँटीनं नाही हलवली. कुणीच नाही. जमिनीवर शोधू नकोस तिला, मम्मी. पाण्यात बघ.